टेबलावर पळणारा रोबो मॅटवर उतरला की गप्प का होतो?

प्रश्न थोडक्यात असा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या तुम्ही चौघांनी कॉलेजच्या रोबो-सॉकरसाठी रोबो बांधलाय. चार जॉन्सन गिअर मोटर (१२ व्होल्ट, ३०० आरपीएम), एकच एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला वीज देणारा बोर्ड), आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), फ्लायस्कायचा आय६ रिमोट, त्याचा आयए६बी रिसिव्हर (रोबोवर बसून रिमोटचे हुकूम घेणारा), बॉल मारायला थेट रिसिव्हरला जोडलेला एमजी९९५ सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरणारी मोटर) आणि ११.१ व्होल्टची २२०० एमएएच लायपो बॅटरी. चाकं अधांतरी ठेवून टेबलावर कितीही वेळ चालतो. मॅटवर उतरवला की दोन-तीन मिनिटांत रिमोटला दाद देईनासा होतो. कधी जागच्या जागी थांबतो, कधी ज्या दिशेला चाललाय तिकडेच जात राहतो आणि मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळतो. स्विच बंद-चालू केला की परत शहाण्यासारखा वागतो. तुम्ही रिमोटचे सेल बदललेत, रिमोट-रिसिव्हरची जोडी पुन्हा जुळवलीत (बाइंड केलंत), मित्राचा रिमोटही लावून पाहिलात. आता नवा, भारीतला रिमोट घ्यावा का, असं विचारताय.

नका घेऊ. दुसऱ्या रिमोटनेही तेच होतंय म्हणजे रिमोट या भानगडीतून सुटला. रोबो ऐकेनासा झाला की सगळ्यांचा पहिला संशय रिमोटवर जातो, कारण हातात तोच असतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा रोबोंपैकी बहुतेकांत रेडिओ ठणठणीत असतो आणि रोबोच्या पोटात कुठेतरी ५ व्होल्टची लाइन खाली घसरत असते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रोबो थांबला की तुमच्यातला कोणीतरी धावत जाऊन स्विच बंद करतो ना, ते आधी थांबवा. स्विच बंद केला की पुरावा गेला. थांबलेला रोबो तसाच चालू ठेवा, स्टिक मध्यावर आणा, एकाने रोबो मागून उचलून चाकं हवेत धरावीत (अचानक पळाला तर बोटं वाचतील) आणि दुसऱ्याने फक्त दिवे बघावेत.

आधी रिसिव्हरचा लाल दिवा. तो विझलेला असेल तर रिसिव्हरला वीजच पोचत नाहीये. लुकलुकत असेल तर वीज आहे, पण रिमोटशी नातं तुटलंय. स्थिर जळत असेल तर रेडिओचं काम व्यवस्थित चाललंय आणि दुखणं पुढे आर्डुइनोत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. तुमचा सर्व्हो थेट रिसिव्हरवर असल्यामुळे आणखी एक सोपी परीक्षा आहे: सर्व्होची स्टिक हलवा. सर्व्हो हलला आणि चाकं ढिम्म, तर रिसिव्हर जिवंत आहे हे नक्की. मग आर्डुइनोवरचं रीसेटचं बारीक बटण दाबा, मेन स्विच नाही. त्या बटणाने रोबो जागा झाला तर आर्डुइनो हँग झाला होता. नाहीच झाला, पण मिनिटभराने आपला आपण चालायला लागला, तर ड्रायव्हर तापून बंद पडला होता.

माझा अंदाज असा आहे की तुमच्याकडे ही दोन्ही दुखणी आहेत, आणि पहिलं जास्त छळतंय. हा अंदाज कशावरून, तर तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यावरून: कधी कधी रोबो त्याच दिशेला जात राहतो. आर्डुइनो नीट रीसेट झाला असता तर त्याच्या सगळ्या पिना सुटल्या असत्या आणि मोटर थांबल्या असत्या. पण प्रोग्रॅम मध्येच गोठला की मोटरला जाणारा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा, झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) थांबत नाही, कारण तो चिपमधले टायमर स्वतंत्रपणे काढत असतात. शेवटी जो वेग आणि जी दिशा दिली होती ती तशीच राहते. गोठायच्या क्षणी स्टिक मध्यावर असेल तर रोबो उभा राहतो, पुढे असेल तर फळीवर जातो. रेंज गेल्यावरही असं होऊ शकतं, पण रेंज परत आली की तो रोबो आपोआप शुद्धीवर येतो. तुमचा येत नाही, स्विच लागतो.

गोठतो का, ते बघू. उनोवरची एटमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. त्या वेगाला डेटाशीटप्रमाणे तिला साधारण ३.८ व्होल्टच्या वर वीज लागते. व्होल्टेज फार पडलं तर चिपने स्वतःला रीसेट करावं अशी सोय तिच्यात आहे, पण उनोमध्ये ती २.७ व्होल्टवर लावलेली असते. म्हणजे २.७ ते ३.८ या पट्ट्यात चिप धड मरतही नाही आणि धड चालतही नाही. क्षणभर जरी ५ व्होल्टची लाइन या पट्ट्यात घसरली तर प्रोग्रॅम कुठेही भरकटू शकतो, आणि व्होल्टेज परत ५ झाल्यावरही तो भरकटलेलाच राहतो. नंतर मल्टिमीटर लावून तुम्ही बघता तेव्हा पाचला पाच दिसतात आणि सगळे म्हणतात, "वीज तर बरोबर आहे."

आता ती लाइन घसरते कशी? तुमच्या जोडणीच्या फोटोत दिसतंय की आर्डुइनो आणि रिसिव्हर दोन्ही एल२९८एन बोर्डाच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवर चालताहेत, आणि सर्व्होची वीजही रिसिव्हरमधूनच जातेय. त्या बोर्डावरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हणजे ७८एम०५, क्षमता अर्धा अँपिअर. तीही कागदावर. तो जादाचं व्होल्टेज उष्णता करून उडवतो. बॅटरी १२ व्होल्टला धरली तर ७ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे साडेतीन वॉट, एवढ्याशा चकतीतून, हीटसिंकशिवाय. एमजी९९५ हा धातूच्या गिअरचा दणकट सर्व्हो. हवेत हलवला तर फार मागत नाही, पण बॉलला किंवा समोरच्या रोबोला अडला की एका अँपिअरच्या वर सहज मागतो. टेबलावर तो हवेतच हलत होता. मॅटवर पहिल्यांदा त्याला अडवायला कोणीतरी मिळालं.

याची खात्री रिमोटच्या पडद्यावरच करता येते, आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. आय६ आणि आयए६बी ही जोडी दुतर्फा बोलते. रिसिव्हरला मिळणारं व्होल्टेज रिमोटच्या मुख्य पडद्यावर दिसतं. एकाने रोबो चालवावा, दुसऱ्याने त्या आकड्यावर नजर ठेवावी. सर्व्हो हाताने हलकेच अडवून धरा. आकडा ५.० वरून ४.५ वगैरे झाला तर चोर सापडला. तो आकडा सावकाश बदलतो, मिलिसेकंदांची पडझड त्यात दिसत नाही; म्हणून पडद्यावर ४.५ दिसलं तर प्रत्यक्षात त्याहून बरंच खाली जाऊन आलंय असं समजा. आणि ४ व्होल्टच्या खाली रिसिव्हरही भरवशाचा राहत नाही.

दुसरी खात्री म्हणजे वीज वेगळी करून बघणं. चार चार्जेबल एए सेल (निकेल मेटल हायड्राइड, एकूण ४.८ व्होल्ट) घ्या आणि आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनला व रिसिव्हरला त्यांच्यावर चालवा. एल२९८एनच्या ५ व्होल्टची वायर काढून टाका, पण ग्राउंड (मायनस) मात्र सगळ्यांचा एकत्रच हवा. साधे अल्कलाइन सेल घेऊ नका, नवे असताना चार मिळून ६ व्होल्टच्या वर जातात आणि चिपची कमाल मर्यादाच ६ आहे. पॉवर बँकेचा मोह टाळा. करंट फार कमी दिसला की काही पॉवर बँका आपण होऊन बंद पडतात आणि तुम्ही नव्याच दुखण्याच्या मागे लागाल. या जोडणीत अर्धा तास मॅटवर दंगा करूनही रोबो हँग झाला नाही, तर निदान पक्कं.

उपाय स्वस्त आहे. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा यूबीईसी किंवा एलएम२५९६चा बक मॉड्यूल (दोन्ही बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देतात) थेट बॅटरीवरून घ्या आणि आर्डुइनो-रिसिव्हर त्यावर चालवा. बक घेतलात तर आधी नुसता बॅटरीला लावून, मल्टिमीटर धरून, त्याचा पितळी स्क्रू फिरवून ५ व्होल्ट करा आणि मगच पुढे जोडा. हे मॉड्यूल दुकानातून येतात तेव्हा स्क्रू कुठेही असतो. सर्व्होला शक्यतो दुसरा बक द्या, ६ व्होल्टवर लावलेला. त्याचा फक्त सिग्नल आणि ग्राउंड रिसिव्हरला जाऊ दे, लाल वायर जाऊ देऊ नका. त्याशिवाय ५ व्होल्टच्या लाइनवर, आर्डुइनोच्या जवळ, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, १६ व्होल्टचा. प्लस-मायनस बघून.

आता दुसरं दुखणं, ड्रायव्हर. रोबो थांबल्याथांबल्या एल२९८एनच्या काळ्या हीटसिंकला बोट लावून बघा. सावकाश, कारण चटका बसेल. कोमट असेल तर सोडून द्या. बोट टेकवत नसेल तर पुढचा हिशोब वाचा.

एल२९८एन एका चॅनलला, म्हणजे मोटर जोडायच्या एका आउटपुटला, २ अँपिअर देतो. तुम्ही एका बाजूच्या दोन मोटर एका चॅनलवर समांतर लावल्यात. या जॉन्सन मोटरचा अडलेल्या अवस्थेतला करंट दुकानदारच साडेसात अँपिअरपर्यंत सांगतात. दोन मिळून १५. सॉकरमध्ये दोन रोबो एकमेकांना रेटत उभे राहतात तेव्हा मोटर अडलेलीच असते. त्याहून वाईट म्हणजे पुढे पूर्ण वेगात असताना झटक्यात मागची स्टिक मारणं. फिरती मोटर स्वतः व्होल्टेज तयार करत असते, उलट दिशा दिली की ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतं आणि क्षणभर अडलेल्या मोटरच्या जवळपास दुप्पट करंट मागितला जातो. तुम्ही मुलं रोबो असाच चालवता, हे मला बघायची गरज नाही.

एवढा करंट एल२९८एन देऊ शकत नाही. तो जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा आहे, १ अँपिअरलाच त्यात पावणेदोन-दोन व्होल्ट खाल्ले जातात, २ अँपिअरला त्याहून जास्त, आणि ते सगळं उष्णता होतं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की चिप स्वतःला बंद करते, निवली की चालू होते. कधी एकच बाजू बंद पडते आणि रोबो स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागतो; बघणाऱ्याला वाटतं रिमोटचा ट्रिम (स्टिकचा मध्य जुळवायची सोय) गेला. पंखा लावून, मोठा हीटसिंक चिकटवून हे थोडं लांबतं, सुटत नाही. चार जॉन्सनसाठी बीटीएस७९६० ड्रायव्हरचे दोन मॉड्यूल घ्या, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. त्यांच्यावर ४३ अँपिअर छापलेलं असतं ते मनावर घेऊ नका, एवढ्याशा हीटसिंकवर ते सतत मिळणार नाहीत, पण तुमच्या कामाला पुरून उरतील. आणि प्रोग्रॅममध्ये वेग एकदम न बदलता पायरीपायरीने बदला. दर १० मिलिसेकंदाला पीडब्ल्यूएम १५-२० पेक्षा जास्त हलू देऊ नका. पूर्ण पुढे ते पूर्ण मागे जायला पाव-अर्धा सेकंद लागेल. चालवणाऱ्याला दोन दिवसांत सवय होते, मोटरचे गिअरही जास्त टिकतात.

प्रोग्रॅमचा विषय निघालाच आहे तर. तुम्ही रिसिव्हरचे चॅनल पल्सइन (पल्सची लांबी मायक्रोसेकंदांत मोजणारी आर्डुइनोची आज्ञा) वापरून वाचताय. त्याला शेवटी वेळेची मर्यादा दिली नाही तर सिग्नल नसताना ते पूर्ण एक सेकंद वाट बघत बसतं. चार चॅनल म्हणजे चार सेकंद रोबो बहिरा. पल्सइनच्या कंसात तिसरा आकडा ३०००० द्या, म्हणजे ३० मिलिसेकंदांत नाद सोडेल; पल्स दर २० मिलिसेकंदाला येतेच. सिग्नल नसेल तर पल्सइन शून्य देतं, आणि १००० ते २००० च्या पल्सवरून उणे २५५ ते २५५ वेग काढायचा तुमचा हिशोब त्या शून्यावर चालवला की उत्तर उणे ७६५ येतं. ते तसंच मोटरला गेलं तर काय होईल ते मोटरलाच ठाऊक. म्हणून ९०० च्या खाली किंवा २१०० च्या वर काही आलं तर सरळ मोटर बंद. हे लिहिल्याशिवाय रोबो मॅटवर नेऊच नका. किलोदोन किलोचं धूड बेफाम सुटलं तर समोर उभ्या असलेल्यांच्या नडग्या फुटतात. रिमोटमधला फेलसेफही लावून ठेवा: रेंज गेली की सगळे चॅनल १५०० वर, म्हणजे मध्यावर. मग रिमोट मुद्दाम बंद करून चाकं थांबतात का ते बघा.

वॉचडॉगही लावा, २५० मिलिसेकंदांचा. प्रोग्रॅम गोठला तर चिप आपोआप रीसेट होईल आणि सामन्यात तुमचा फक्त क्षण-दोन क्षण जाईल. उनोवर अडचण येत नाही. जुन्या बूटलोडरच्या (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आर्डुइनो नॅनोवर मात्र वॉचडॉगमुळे बोर्ड रीसेटच्या चक्रात अडकतो, तेवढं लक्षात असू द्या. पण हा जुगाड वीज सुधारल्यानंतरचा. आधी लावलात तर रोबो थांबण्याऐवजी गचके खात चालेल आणि खरं कारण झाकलं जाईल.

बॅटरीचं पटकन सांगतो. एकूण व्होल्टेज बघू नका, बॅलन्स वायरवर (प्रत्येक सेलपासून येणाऱ्या बारीक वायरींवर) तिन्ही सेल वेगवेगळे मोजा. पूर्ण चार्जला प्रत्येकी ४.२ हवेत. दोन ४.१५ आणि एक ३.७ असेल तर तो एक सेल लोड आला की बसणार. कुठलाही सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. बॅलन्स वायरला लावायचा छोटा अलार्म मिळतो, तो ३.५ वर ठेवा. फुगलेली लायपो वापरायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

वायरिंगवर मात्र वेळ घालवा. फोटोत बॅटरी ते ड्रायव्हर जी वायर दिसतेय ती मोबाइल चार्जरच्या जाडीची आहे, आणि मध्ये जो चौकोनी रॉकर स्विच आहे तसल्यांवर बहुधा ६ अँपिअर लिहिलेलं असतं. तिथेच एक-दीड व्होल्ट गळत असणार. १४ गेजची सिलिकॉन वायर आणि एक्सटी-६० कनेक्टर घ्या. स्क्रू टर्मिनलमध्ये वायरच्या टोकाला सोल्डर लावून कोंबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि आज घट्ट केलेला स्क्रू आठवड्याने सैल होतो. फेरूल (वायरच्या टोकावर बसणारी धातूची नळी) दाबा, नाहीतर नुसता पीळ द्या. आर्डुइनोच्या जंपर वायर मॅटवरच्या हादऱ्यांना टिकत नाहीत. स्पर्धेपुरत्या त्या ग्लू गनने जागीच चिकटवा, किंवा सरळ शील्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या जोडबोर्डावर) सोल्डर करा. एका टीमचा रोबो फक्त डावीकडे वळताना मरायचा. सगळा प्रोग्रॅम दोनदा लिहून झाला होता. उघडून बघितलं तर वळताना बॅटरी अंगठ्याएवढी सरकायची आणि ग्राउंडची वायर ओढायची. एक वेल्क्रोचा पट्टा लावला, दुखणं संपलं. चाकं हवेत ठेवून, मोटर चालू ठेवून, लाकडी पट्टीने एकेक वायर हलवत जा. जिथे हात लागल्यावर रोबो दचकतो तिथे थांबा. आणि आर्डुइनोची खालची बाजू ॲल्युमिनियमच्या चासीला टेकत नाही ना ते बघा, प्लास्टिकचे स्टँडऑफ लावा.

प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि जमल्यास प्रत्येक टोकापासून मोटरच्या बॉडीला आणखी एकेक. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच मरतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काउंटरवर "एकशे चार" म्हणालात की पुरतं, कारण त्यावर १०४ छापलेलं असतं. मूठभर घ्या. गाडी लांब कुठेतरी लावून चालत जा, आणि यादी करूनच जा: यूबीईसी, बीटीएसचे दोन, एक्सटी-६० च्या जोड्या, फेरूल, वायर, लायपो अलार्म. अर्ध्या तासाचं काम आहे, यादी नसेल तर दोन फेऱ्या होतात.

राहिला रेडिओ. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना खुला आहे, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, सगळ्यांचे रिमोट तिथेच असतात. फ्लायस्कायसारखे रिमोट सतत चॅनल बदलत राहतात, त्यामुळे मॅटच्या चार-पाच मीटरच्या अंतरात गर्दीमुळे नातं तुटणं दुर्मीळ. तुटतं ते अँटेना चुकीच्या जागी असल्यामुळे. रिसिव्हरच्या दोन वायरींच्या टोकाचा जो सोललेला, सुमारे ३१ मिलिमीटरचा तुकडा असतो तीच खरी अँटेना. बाकीची नुसती केबल. ते टोक धातूच्या डब्यात कोंबू नका, मोटरच्या वायरीबरोबर बांधू नका, आणि "उगाच लोंबतंय" म्हणून कापू तर अजिबात नका. दोन टोकं एकमेकांना काटकोनात, स्ट्रॉमध्ये घालून, चासीच्या वर उभी करा. रिमोट सुरू करताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल खाली नसेल तर आय६ इशाऱ्याच्या पडद्यावरच अडून राहतो आणि रोबो मेल्यासारखा वाटतो, सामन्याच्या घाईत हेही होतं. आधी रिमोट चालू, मग रोबो. बंद करताना उलट.

क्रम असा ठेवा: आधी दिवे आणि रीसेटचं बटण, मग चार सेलवरची चाचणी, त्यानंतरच खरेदी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर मॅटवर पूर्ण सामन्याएवढा वेळ चालवा, चाकं वर करून नाही. एवढं करूनही थांबला तर मला चार गोष्टी कळवा: थांबल्याक्षणी रिसिव्हरचा दिवा कसा होता, रिमोटच्या पडद्यावर किती व्होल्ट होते, रीसेटने जागा झाला की नाही, आणि तिन्ही सेलचे आकडे. प्रोग्रॅमही पाठवा, पण फोटो काढून नको, फाइल पाठवा.